हातभर जागा

माझा धाकटा भाऊ बावीस वर्षं एका स्टुलावर बसून आहे. लोकांना वाटतं मी थट्टा करते. थट्टा नाही, ती त्याची नोकरी आहे. समोर काच, काचेपलीकडे अकरा माकडं, मांडीवर पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेला कागद आणि मनगटावर एक घड्याळ, जे दर मिनिटाला टिक करतं. टिक झालं की अकराही माकडांकडे एकदा बघायचं आणि कोण काय करतंय ते एकेका अक्षरात लिहायचं. ख म्हणजे खातंय. ब म्हणजे बसलंय. उ म्हणजे दुसऱ्याच्या उवा काढतंय, भ म्हणजे भांडतंय. शेजारच्या रकान्यात काचेजवळ आहे की दूर, ते. ज किंवा दू. मग पुढचं टिक. सकाळी सात ते दुपारी तीन, मध्ये जेवायला अर्धा तास. आमच्या माकडांच्या केंद्रात सगळे त्याला मिनिट म्हणतात. हजेरीच्या कागदावर त्याचं खरं नाव दिसलं की मलासुद्धा क्षणभर वाटतं, हा कोण बरं?

एवढे चोचले कशाला, तर या जातीची माकडं जगात पाचशेच्या आत उरली आहेत. त्यातली अकरा आमच्याकडे. काळी तोंडं, पांढऱ्या मिशा, आणि डोळे असे की समोरच्याने आधी नजर वळवावी. मी त्याच इमारतीत मागच्या बाजूला माकडांच्या स्वयंपाकघरात असते. रताळी उकडते, गाजरं चिरते, पाला तीन पाण्यांनी धुते. माझ्या हातच्या जेवणाला आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही. खाणाऱ्यांना बोलता येत नाही, हेही एक कारण असेल.

आई गेली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि हा सहा. त्याला मीच वाढवला. पुढे माझं लग्न झालं आणि मोडलं, त्याचं झालंच नाही, आणि आम्ही दोघं पुन्हा एका घरात आलो. दोन खोल्या, एक खिडकी. मी बोलते आणि तो ऐकतो, बहुतेक. बारीकसारीक गोष्टी तोंडाने सांगायची त्याची रीतच नाही. तीस वेळा विचारलं की एकदा उत्तर, तेही मोजून. मी चिडते, भांडी आपटते. तो मूग गिळून बसतो. पालथ्या घड्यावर पाणी.

पण माकडांचं विचारलं तर सांगतो. त्यांचा दिवस त्याला तोंडपाठ आहे. सातला झोपायच्या खोलीचं सरकतं दार उघडतं आणि ती रोज एकाच क्रमाने बाहेर येतात. आधी म्हातारी, मग तिच्या लेकी, मग पोरं, शेवटी थोरला नर. तो उंबऱ्यावर थांबून खोलीत एकदा मागे वळून बघतो, कोणी राहिलं का ते. खोलीत कोणी नसतं. तरी बघतो. आठला खाणं. नऊला दोरांवर येरझारा, डावीकडून उजवीकडे, कधीच उजवीकडून डावीकडे नाही. दहाला उवा. साडेदहाला सगळी काचेपाशी येतात, कारण आतल्या कट्ट्याखालून गरम पाण्याचा नळ गेला आहे आणि कट्टा कोमट असतो. तिथे पाठी काचेला टेकवून ओळीने बसतात, बारापर्यंत. माकडं म्हटली की माणसांना दंगा आठवतो. ही इथे जन्मलेली आहेत, यांनी झाडं मोजून सात बघितली. यांचा आवाज क्वचित येतो. काचेअलीकडच्या बोळात दिवा लावायचा नाही असा नियम आहे, आणि त्या अंधाऱ्या बोळात भावाच्या घड्याळाचं टिक तेवढं ऐकू येतं.

अकराला मी दोन कप चहा घेऊन तिथे जायची. त्याच्या स्टुलाशेजारी फळांचा रिकामा खोका उपडा ठेवलेला असायचा, तो माझा. साडेअकरापर्यंत मी बसायची. म्हातारीची पाठ नेमकी माझ्या गुडघ्यासमोर. मी काचेला तळवा लावायची आणि मनात म्हणायची, काय गं, पाठ धरली का? माझीही धरते. भावाला हे आवडायचं नाही. त्यांच्याशी बोलायचं नाही, हसायचं नाही, बघणाऱ्याने आपण तिथे नाहीच असं बसायचं, हा त्याच्या कामाचा पहिला धडा. म्हणूनच त्या कागदावर माकडांचे अकरा रकाने आहेत, पण काचेअलीकडे कोण बसलंय याचा एकही नाही.

आता ती हातभर जागेची गोष्ट. सहा वर्षांपूर्वी कानतुटका नावाचा एक नर होता. धडधाकट, खादाड. एके दिवशी भाऊ घरी आला आणि न विचारता बोलला. म्हणाला, "ताई, कानतुटक्याला जागा सोडताहेत."

"म्हणजे?"

"बाजूला बसत नाहीत. एक हात अंतर ठेवतात. त्याच्या उवा कोणी काढत नाही. भांडतही नाही."

जनावरांच्या डॉक्टरांनी कानतुटक्याला तपासलं, रक्त घेतलं, वजन केलं. सगळं उत्तम. सतराव्या दिवशी सकाळी तो झोपायच्या खोलीतून बाहेर आलाच नाही. भावाने मग जुने कागद काढून बसून बघितले. आजवर मोठी चार माकडं गेली होती, आणि चारही वेळा तेच. सगळ्यात कमी नऊ दिवस आधी, सगळ्यात जास्त एकतीस. हातभर जागा, आणि मग मरण. त्याने डॉक्टरांना दाखवलं तर ते हसले. "मिनिटसाहेब, आपल्याकडे यंत्रं आहेत. त्यांच्याकडे काय आहे?" भावाने कागद गोळा करून परत कपाटात ठेवले. मला मात्र त्या रात्रीपासून ते कोमट कट्ट्यावरचं रिकामं अंतर डोळ्यांपुढून जाईना.

यंदाची गोष्ट. एका सोमवारी अकराला मी चहा घेऊन गेले. दोन कप काठोकाठ भरलेले, फरशी ओली, त्यामुळे माझी नजर कपांवर. खोक्यावर बसून वर बघितलं तर कट्टा रिकामा. माकडं मागे, मातीत ओळीने बसलेली. पाठी आमच्याकडे. कट्ट्यापासून बरोबर एक हात.

मी म्हटलं, "नळ गार पडला वाटतं."

टिक झालं, भावाने लिहिलं. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. नळ गरम असल्याचं पिंजऱ्याच्या माणसाने हात लावून सांगितलं. अकरा पाठी, एकही हलत नाही, एकही मान वळत नाही, आणि त्या अंधारात ते टिक. शुक्रवारी मी त्याला धारेवर धरलं. "खरं सांग. जागा सोडली आहे ना?"

त्याने कागद दुमडून माझ्यापुढे धरला. अकरा ते साडेअकराच्या ओळी. दू, दू, दू. पाच दिवसांचे पाच कागद, सगळे तिथेच दुमडलेले.

"कोणाला सोडली आहे?" मी विचारलं.

तो म्हणाला, "मी रोज इथे बसतो, ताई."

मी त्याला मूर्ख म्हटलं, माकडांनाही म्हटलं. बावीस वर्षं माकडांपुढे बसून डोक्यावर परिणाम झालाय, म्हटलं. पण घरी आले आणि मोरीत जाऊन रडले, नळ सोडून, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. मला मूल नाही. जे काय वाढवलं ते हे एकच.

त्यात घरी त्याचं वागणं बदललेलं. ज्याला आपला पायमोजा सापडत नाही तो मला विचारायला लागला, गॅसची टाकी कशी बदलतात, भातात पाणी किती, भाजीत मीठ आधी की नंतर. शनिवारी त्याने स्वतः पोळी लाटली. तिला चार कोपरे होते. एरवी मी चार दिवस हसले असते. तेव्हा वाटलं, जायच्या आधी माणूस एकेक गोष्ट करून बघतोय, आणि मी ती पोळी मुकाट्याने खाल्ली.

सोमवारी मी त्याला दवाखान्यात नेलं. ओढत नेलं म्हणा. स्वतः मी तीस वर्षांत दवाखान्याची पायरी चढले नव्हते. हात दाखवून अवलक्षण कशाला, हे माझं मत, आणि ते मी त्याला, शेजाऱ्यांना, आमच्या स्वयंपाकघराच्या मोठ्या बाईंना अनेकदा ऐकवलं होतं. पण त्याच्यासाठी चढले. तर हा पन्नाशीचा घोडा सुई बघून हात मागे घेऊन बसला.

"तू आधी," तो म्हणाला.

"मला काय झालंय?"

"तू घेतलीस तर मी घेईन."

लहानपणी कडू औषधाचा पहिला चमचा मी प्यायचे, तेव्हा कुठे हा तोंड उघडायचा. जित्याची खोड. नर्स हसायला लागली. मी बाही वर केली. मग छातीचा फोटो, तिथेही तू आधी. मग पोटावर ते गार जेल लावून यंत्र फिरवतात, तिथेही तू आधी. मी त्याला शिव्या घालत घालत सगळं करून घेतलं. तो माझ्या मागोमाग आत जाऊन यायचा, शहाण्यासारखा.

तीन दिवसांनी तो कामावरून परस्पर रिपोर्ट घेऊन आला. दारातच मी त्याचं तोंड निरखलं. त्या तोंडावरून कधी काही कळलं आहे का? तो म्हणाला, "माझं सगळं नीट आहे."

मी खाली बसले. मग जी सुटले ती थांबेना. माकडांची अक्कल काढली, त्यांच्या सात पिढ्यांची काढली. डॉक्टर बरोबर म्हणत होते, म्हटलं, त्यांच्याकडे काय यंत्र आहे का? तो ऐकत होता. दोनदा त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, जेवायला मागतोय. माझ्या रिपोर्टची मला आठवणसुद्धा झाली नाही. तो मी माझ्यासाठी कुठे काढला होता?

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला गॅस अकराच्या सुमाराला संपला. चहा झालाच नाही. सव्वाअकराला, आज चहा नाही एवढं सांगायला, मी रिकाम्या हाताने बोळाच्या दारात आले. हातात कप नव्हते म्हणून नजर सरळ समोर गेली.

कट्टा भरलेला होता. अकराही माकडं काचेला पाठी टेकून बसलेली. म्हातारी अगदी भावाच्या गुडघ्यापुढे. केवढा आनंद झाला मला. म्हटलं, गेली बला. आता त्याला चिडवायचं, असं ठरवून मी आत शिरले. एक पाऊल, दुसरं, तिसरं. चौथ्या पावलाला म्हातारी उठली.

घाबरून नाही. रांगेत कोणाला तरी वाट द्यायला माणूस उठतो तशी. तिच्यामागोमाग एकेक करून बाकीची उठली, कसलाही आवाज न करता, आणि हातभर मागे जाऊन मातीत बसली. पाठी वळवून.

मी थांबले. एक पाऊल मागे घेतलं, मग आणखी, अशी दारापर्यंत मागे गेले. दोनदा टिक झालं. म्हातारी आली. तिच्या लेकी आल्या. कट्टा पुन्हा भरला. मी पुन्हा चार पावलं गेले. ती पुन्हा उठली. मी पुन्हा दाराशी आले. तिसऱ्यांदा पाऊल टाकायला पाय उचलेना, पण टाकलं. तिसऱ्यांदाही तसंच झालं. भाऊ वळला नाही, पण त्याचा पेन थांबला होता.

मी खोक्यावर जाऊन बसले. "कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"पहिल्या दिवसापासून. तू गेलीस आणि माकडं परत आली."

"कागद दाखव. न दुमडता."

त्याने उलगडून दिला. अकराच्या वर सगळे ज. साडेअकराच्या खाली सगळे ज. मधला अर्धा तास तेवढा दू. त्या अर्ध्या तासात बोळात आणखी कोण होतं हे कागदावर कुठेच नव्हतं, आणि मी मेली त्या कागदालाच खरं मानून बसले होते.

"मग तू मरतोयस असं मला का सांगितलंस?"

"तसं मी म्हणालो नाही. मी रोज इथे बसतो, एवढंच म्हणालो."

"मिनिट, थोबाड फोडीन."

"तू स्वतःसाठी आली असतीस का दवाखान्यात?"

त्याने पुठ्ठ्याखालून एक पाकीट काढलं. त्यावर माझं नाव होतं. पोटात उजवीकडे गाठ, लिंबाएवढी. दुखत नव्हती, खुपत नव्हती, मला तिचा पत्ता नव्हता. तो काल रात्रीपासून ते कसं सांगावं याच्या विचारात होता, आणि मी त्याला बोलू दिलं नव्हतं. दवाखान्यात खाट धरून ठेवली होती. स्वतःची महिन्याची रजाही टाकली होती, ज्याने बावीस वर्षांत तापाची रजा घेतली नाही त्याने.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"लवकर आलात म्हणाले. आता उशीर करू नका म्हणाले."

"आणि ही काय म्हणतात?" मी काचेकडे बोट केलं.

तो म्हणाला, "आज बारावा दिवस आहे." खोटं बोलणं त्याला जमत नाही, अर्धं बोलणंच जमतं. मग माझा धीर सुटला. मला मरायचं नाही रे, असं मी त्या अंधारात मोठ्याने म्हणाले. समोर अकरा पाठींपैकी एकही हलली नाही. त्याने माझा हात धरला आणि मला बाहेर उन्हात आणलं.

एकोणिसाव्या दिवशी ऑपरेशन झालं. गुंगीचं औषध द्यायच्या आधी डॉक्टरबाईंनी विचारलं, दुखत नव्हतं तर आलात कशा? मी म्हटलं, माकडांनी पाठवलं. औषध आधीच चढलंय असं समजून त्या गालात हसल्या. गाठ निघाली. नंतर औषधं झाली, केस गेले आणि परत आले. भावाने चौकोनी पोळ्या करून मला जगवलं. महिन्याची रजा त्याने अडीच महिने लांबवली. एकतिसावा दिवस आला त्या दिवशी आम्ही दोघंही सकाळपासून एकमेकांकडे बघत नव्हतो, आणि रात्री तो माझ्या खाटेशी जमिनीवर झोपला. बत्तिसाव्या दिवशी मी त्याच्याशी आमटीवरून भांडले.

आता डॉक्टरांनी लिहून दिलंय की बाई बरी आहे. फोटो स्वच्छ, रक्त स्वच्छ. दोन आठवडे झाले, मी पुन्हा कामावर येते. रताळी उकडते, पाला धुते. अकराला दोन कप चहा करते आणि बोळाच्या दारापर्यंत नेते. तिथे फळीवर त्याचा कप ठेवते. दारातून कट्टा दिसतो. भरलेला असतो. भाऊ स्टुलावरून उठतो, दाराशी येऊन कप घेतो, परत जातो. बावीस वर्षं तो मिनिट सोडून उठला नव्हता, आता रोज एक मिनिट कोरं जातं. मी माझा चहा उभ्यानेच पिते.

चार पावलं आहेत. मी तोंडाची एवढी फाटकी बाई, कोणाच्या बापाला भ्यायले नाही, नवऱ्याला नाही, सुरीला नाही. त्या चार पावलांना भिते.

काल तो कप घ्यायला आला आणि लगेच वळला नाही. म्हणाला, "ताई, ये ना आत. खोका तिथेच आहे."

मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. म्हातारी बसली होती, काचेला पाठ लावून.

"उद्या येते," मी म्हटलं. "आज हात ओले आहेत."